चार पट्टे आणि एक पाना

माझ्या साडूची मोटार माझ्या मोटारीपेक्षा चांगली होती. हे मला दिसत होतं, तरी आमची शांता ते महिन्यातून दोनदा सांगत असे.

साडू म्हणजे अमरावतीचे भाऊसाहेब वकील. त्यांची मोटार नवीकोरी, काळीभोर. दार लावलं की 'खट्ट' असा श्रीमंत आवाज यायचा. मी अकोल्यात कापसाच्या एका जिनिंगमध्ये सुपरवायझर. माझी मोटार हिवरखेडच्या एका देशमुखांनी वापरून, कंटाळून आणि नंतर कोंबड्या ठेवून मला विकलेली. उजवीकडे वळलं की तिचं मागचं डावं दार आपोआप उघडायचं. शांता एका हाताने तीन वर्षांच्या बंड्याला आणि दुसऱ्या हाताने दाराला धरून बसायची. (तिसरा हात असता तर तो माझ्या पाठीत बसला असता.)

अशात अमरावतीहून सासऱ्यांचा निरोप आला. रविवारी सगळ्यांनी मोझरीला जायचं. दोन्ही जावयांनी गाड्या आणाव्यात, "ज्याची गाडी बरी, त्याच्या गाडीत मी बसतो."

झालं! लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण सासरे अजून भाऊसाहेबांना 'आमचे जावई' आणि मला 'शांताचे मिस्टर' म्हणत. हा रविवार माझा व्हायलाच हवा होता.

तेवढ्यात शांता माहेरी जाऊन आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "भाऊजीनं गाडीले पट्टा लावला."

विलायतेत मोटारीतल्या माणसांना कमरेला पट्टा बांधतात, म्हणजे धक्का बसला तरी माणूस जागचा हलत नाही, असं मी नुकतंच वर्तमानपत्रात वाचलं होतं. तो अंक भाऊसाहेबांकडेही येत असणार!

"किती पट्टे?" मी विचारलं.

"एकच. पण बाबा लय खूश आहेत. म्हणे, आता पाहा कशी गाडी दिसते."

'दिसते' या शब्दावर मी थांबायला हवं होतं. पण जळणाऱ्या माणसाला अर्धंच ऐकू येतं.

"एक लावला काय त्यानं? मी चार लावतो."

जिनिंगमध्ये यंत्राचा जुना पट्टा पडून होता. बैलजोडीने ओढला तरी तुटणार नाही असा. त्याचे मी चार तुकडे केले. एक शांतासाठी, एक बंड्यासाठी, एक मला आणि पुढच्या सीटवरचा सासऱ्यांच्या पोटाच्या अंदाजाने सैल. बक्कल कुठून आणणार? मी नट-बोल्ट लावले आणि रविवारी सकाळी पान्याने सगळ्यांना आवळून टाकलं.

"अहो, मी बायको आहे का कापसाची गाठ?" शांता म्हणाली.

"सुखरूप राहशील."

"शौचाले लागली त?"

या मुद्द्यावर वर्तमानपत्रात काही नव्हतं. मी पाना तिच्या मांडीवर ठेवला आणि गाडी सुरू केली.

मूर्तिजापूरच्या पुढे एक म्हैस आडवी आली. मी गाडी उजवीकडे घातली. दार नेहमीप्रमाणे उघडलं. पण काय सांगू, शांता जागची हलली नाही! बंड्या तर टाळ्या वाजवून म्हणाला, "बाबा, पुना एकदा!"

"अहो, काहीतरी पडलं," शांता म्हणाली.

"तू पडलीस का?"

"नाही."

"बंड्या?"

"नाही."

"मग पडू दे."

मी अभिमानाने शीळ घालत बडनेरा ओलांडलं. अमरावतीला सासऱ्यांच्या अंगणात गाडी थांबवली आणि ऐटीत मागे हात केला. "पाना."

शांताने आपल्या रिकाम्या मांडीकडे बोट दाखवलं. गाडीत एकच जण बांधलेला नव्हता, आणि तोच पडला होता.

सासूबाई भाकरतुकडा घेऊन आल्या. कोणी उतरेना, म्हणून त्यांनी खिडकीतूनच ओवाळून टाकला. सासरे वाकून आत पाहू लागले.

"हिले काहून बांधून आणलं? पळून जाते काय पोरगी?"

"मामाजी, पट्टा आहे. भाऊसाहेबांनी लावला तसाच."

"माह्या पट्ट्याचं काय?" भाऊसाहेब पुढे आले आणि त्यांनी आपल्या मोटारीकडे बोट केलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दारांच्या मधोमध, निकेलची चकचकीत पट्टी! शोभेची. ती पाहून माझं काळीज आणखी एकदा जळलं, कारण खरंच सुंदर दिसत होती.

भाऊसाहेबांचा पाना माझ्या बोल्टला बसेना. सासूबाईंनी विळी आणली. बंड्याचा पट्टा कापला, शांताचा कापला, आणि माझ्यापर्यंत येता येता विळीची धार गेली.

"राहू द्या," मी म्हणालो. "गाडी चालवायला कुठं उतरावं लागतं? मामाजी, बसा. तुमचा पट्टा सैल आहे."

सासऱ्यांनी मागचं दार दोन बोटांनी ढकललं. ते उघडलं. लावलं. पुन्हा उघडलं. मग त्यांनी खिडकीतून हात घालून माझ्या गाडीची किल्ली काढली आणि खिशात टाकली.

"आधी दार बांधा, जवाईबुवा," ते म्हणाले. "मग मानसं बांधजा."

सहा वर्षांत ते मला पहिल्यांदा जावई म्हणाले, आणि मला उठून पायाही पडता येईना!

सासूबाई माझ्यासाठी मागे थांबल्या, बाकी सगळे भाऊसाहेबांच्या गाडीत बसले. बंड्या आजोबांच्या मांडीवर, शांता बहिणीला खेटून.

"येताना पाना आनतो!" भाऊसाहेब ओरडले.

दार 'खट्ट' लागलं. गाडी माझ्या शेजारून गेली तेव्हा त्या निकेलच्या पट्टीत मला मीच दिसलो, लांबट आणि कमरेला आवळलेला.

सासूबाईंनी जेवणाचं ताट खिडकीतूनच दिलं. संध्याकाळपर्यंत मी तिथेच बसलो. पण एक सांगतो, त्या दिवशी साऱ्या वऱ्हाडात सगळ्यात सुरक्षित मोटार माझीच होती. जागची हललीच नाही!