बिनआवाजाचा फ्रिज

ही माझी बहीण. सख्खी, धाकटी, एकुलती एक. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी तिचं भरपूर कौतुक करणार आहे आणि लोक लगेच विचारतात, हा हिचा कोण लागतो एवढं बोलायला? तर मोठा भाऊ लागतो. शाळा माझी सातवीपर्यंत, पुढे वेल्डिंग. पण बहीण ओळखायला सातवी पुष्कळ झाली.

ती घर हलवणाऱ्या कंपनीत सामान बांधते. कुणाची बदली झाली, कुणी नवीन घर घेतलं, की कंपनीची माणसं जातात. कपाटं, पलंग उचलायला चार दांडगे गडी असतात, तिथे अक्कल लागत नाही. पण काचेचं, चिनी मातीचं, जे हातातून सुटलं की संपलं, ते सगळं माझ्या बहिणीच्या हाताखालून जातं. बारा वर्षं झाली, एक कप फुटलेला नाही. एकदा एका बाईंनी फोन केला, बशीला तडा गेला म्हणून. ही म्हणाली, "निळ्या काठाची ना? तो तडा आधीचा आहे. तुमच्या सासूबाईंनीच मला दाखवला, कुणी पाडला तेही सांगितलं." बाईंनी फोन ठेवून दिला.

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नुसती नजर फिरवते आणि म्हणते, "एकतीस खोकी." एकतीसच भरतात. ताटल्या ती कधी आडव्या ठेवत नाही, उभ्या लावते. "आडवी ठेवली की वरच्या सगळ्यांचं ओझं तिच्यावर येतं, दादा." हे तिला कुणी शिकवलं नाही. डोकं आमच्या घराण्यातच आहे.

तिचा नवरा, म्हणजे माझा मेव्हणा, त्याच कंपनीचा ट्रक चालवतो. माणूस बरा आहे. ती बांधते, तो पोचवतो. पोरी दोन. थोरली दहा वर्षांची, आजीबाईसारखी शहाणी. धाकटी पाच वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणतो.

आता हिच्या घरात संध्याकाळी काय चालतं ते ऐका. कामावरून येताना ही उरलेल्या खाकी कागदाचे तुकडे घेऊन येते. तिघी स्वयंपाकघरात फरशीवर बसतात आणि पोरी देवासाठी चित्र काढतात. काही मिळालं असेल तर ते काढायचं, काही हवं असेल तर ते. मग ते चित्र फ्रिजच्या दाराला चिकटवायचं, हात जोडायचे, डोळे मिटायचे, प्रार्थना म्हणायची. थोरली चित्राखाली लिहिते, 'गणिताच्या बाई आजारी पडू नयेत, पण सुट्टी मिळावी.' भिंगरीच्या चित्रात सगळ्यांना चाकं असतात. आईला चाकं, मामाला चाकं. एकदा देव काढला होता, त्याला सहा. मी विचारलं, "सहा कशाला गं?" तर म्हणाली, "त्याला लांब जायचं असतं."

तो फ्रिज जुना, दुसऱ्याचा वापरून झालेला. दार बंद राहावं म्हणून मेव्हण्यानं त्याला सामान बांधायचा पट्टा आवळला होता. मधेच तो चालू व्हायचा, घर्रर्र करायचा, मग अंग झटकून थुप्प करून गप्प बसायचा. एक दिवस प्रार्थना संपायला आणि तो थुप्प करायला एकच गाठ पडली. बहीण गमतीनं म्हणाली, "घ्या, पोचलं!" कंपनीत सामान मिळालं की गिऱ्हाईक कागदावर तसंच लिहून देतं.

झालं. तेव्हापासून फ्रिज थुप्प करेपर्यंत भिंगरी जागची हलायची नाही. कधी मिनिटात पोचायचं, कधी अर्धा तास लागायचा. "आज देवाकडे गर्दी आहे," म्हणायची आणि मांडी बदलून बसायची. थोरलीला खरं काय ते माहीत होतं, पण तीही बसायची.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला दिसला तो फक्त पट्टा. माझी बहीण, आणि फ्रिजला पट्टा? निम्म्या शहराच्या खिडक्यांना माझ्या हातचे ग्रिल आहेत, आणि माझ्या भाच्या पट्टा सोडून पाणी पितात? सरळ दुकानात गेलो आणि म्हटलं, उत्तमातला उत्तम दाखव. दुकानदार म्हणाला, "हा घ्या. आवाज म्हणून नाही. चालू आहे का बघायला दार उघडावं लागतं." म्हटलं, बांध.

बहिणीनं फ्रिज बघितला. डोळे भरले होते तिचे, मी पाहिलं, ती नाही म्हणेल. मग लगेच म्हणाली, "दादा, जुना बाहेर काढताना आडवा करू नकोस. उभाच ने."

"तू मला सांगतेस? लोखंडाची गेटं उचलतो मी."

"गेटात तेल नसतं. फ्रिज आडवा केला की आतलं तेल भलतीकडे जातं. मग सकाळपर्यंत चालू करता येत नाही."

"चालू करायचाय कुणाला? सकाळी भंगारवाला येतोय."

दाराची चौकट आखूड होती, मी काय करणार? आडवा केला, व्हरांड्यात नेला, उभा केला. नवा जरा बुटका, तो उभाच आत गेला. खरंच, मुंगी चालली तर तिचा आवाज आला असता.

संध्याकाळी मी मुद्दाम थांबलो. पोरींच्या तोंडून दोन शब्द ऐकावेत, एवढंच. शिवाय घरात जरा चिंता होती. मेव्हणा परवाच परत यायला हवा होता. पहिल्या दिवशी त्याचा फोन नुसता वाजत राहिला, मग बंदच झाला. ऑफिसातला कारकून म्हणाला होता, "बरा आहे तो. पूल बंद आहे, वळसा घालून येतोय." बहिणीचा विश्वास बसेना. "बारा वर्षं ऐकतेय त्याला. गाडी फाटकात उभी असते आणि हा गिऱ्हाइकाला सांगतो, वळसा घालून येतेय."

भिंगरीनं चित्र काढलं. ट्रक, त्यात बाबा, बाबांना चाकं. गेले तीन दिवस हेच काढत होती. नव्या दाराला चिकटवलं, प्रार्थना झाली, आणि ती बसून राहिली.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. थोरली माझ्याकडे बघतेय, मी बहिणीकडे.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"पोचलं नाही अजून."

बहिणीनं मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मी म्हटलं, एवढंच ना? पाणी प्यायचं निमित्त केलं, फ्रिजच्या मागे वाकलो आणि काढला आवाज. घर्रर्र, थुप्प. माझा आवाज दमदार आहे, दुकानातली मशीन चालू असतानाही पलीकडच्या गल्लीत ऐकू जातो.

भिंगरी म्हणाली, "आई, मामाचं पोट बिघडलंय."

थोरली फरशीवर लोळून हसली. भिंगरी हसली नाही. ताट वाढलं तर म्हणाली, "मी नाही जेवणार. बाबांचं पोचलंच नाही. बाबा कसे येतील?" आणि भोकाड पसरलं. पाच वर्षांच्या पोरीचं रडणं ते, पण माझा घास तोंडातच राहिला. मीच आणलेला फ्रिज, आणि एवढ्याशा पोरीचा बाप त्यापायी रस्त्यात अडकून पडलेला. मी म्हटलं, "थांब, जुना लावतो."

"सकाळपर्यंत नाही," बहीण म्हणाली. "तूच आडवा केलास."

मग ती भिंगरीसमोर फतकल मारून बसली. माझी बहीण खोटं बोलत नाही. म्हणाली, "हे बघ राणी, तो आवाज फ्रिजचा होता. देवाचा नाही. मी चेष्टा केली होती. देवाला सगळं पोचतं, आवाज न होता पोचतं."

"तुला कसं माहीत?"

"मी खोकं बांधते, गाडीत चढवते. पुढचं मला दिसतं का? नाही. गाडी कुठं गेली, कशी गेली, मला काही ऐकू येत नाही. तरी पोचतंच ना? मी निवांत झोपते की नाही?"

आता एवढं सुंदर कुणी बोललं असतं का? मी मान डोलावली. भिंगरीनं नाक पुसलं आणि म्हणाली, "पण तू तर बाबांना सारखा फोन करतेस. पोचलं का, पोचलं का."

बारा वर्षांत कप न फोडणाऱ्या माझ्या बहिणीनं शेजारचा फोन उचलून पाठीमागे लपवला. थोरलीनं तोंडावर हात ठेवला.

"करते," बहीण म्हणाली. "माझाही धीर सुटतो."

"मग तू पण काढ."

बहिणीनं देवाला कधी चित्र काढलं नव्हतं. ती फक्त कागद आणायची. आता कागद घेतला, खूप वेळ पेन्सिल चावली आणि एक फोन काढला. खाली लिहिलं, 'उचलू दे.' मग भिंगरी माझ्याकडे वळली. "मामा, तू?"

"मला काय मागायचंय? माझं सगळं झकास आहे."

"बाबांसाठी माग ना."

मागितलं. लिहिलं, 'मेव्हण्याला लवकर पाठव.' भिंगरीनं वाचायला लावलं आणि म्हणाली, "चाकं काढ." चाकं काढली.

मग बहीण कामावर बांधते तशी तिघींनी देवाला पाठवायला ती चित्रं बांधली. खोकं घेतलं, तळाला चुरगळलेला कागद, मग चित्रं, प्रत्येक वेगळ्या कागदात, मग वर परत कागद. "हलवून बघ," बहीण म्हणाली. "आत काही हललं तर परत भरायचं." भिंगरीनं कान लावून हलवलं. हललं नाही. टेप मारली. थोरलीनं वर लिहिलं, 'नाजूक. ही बाजू वर.' पत्ता भिंगरीनं सांगितला, "देव. मोठं घर." खोकं दाराशी ठेवलं, गाडीवाले दारातूनच उचलतात म्हणून. मग पोरीनं दोन वेळचं जेवण एका वेळी खाल्लं आणि झोपली. मीही तिथेच आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धडाम आवाज झाला. मेव्हणा दारात खोक्याला अडखळून आडवा पडला होता. दाढी वाढलेली, शर्ट मळलेला, बाकी धडधाकट.

"हे कुणाचं सामान मधे ठेवलंय?" तो म्हणाला.

"हात लावू नका!" भिंगरी धावत आली. आधी खोकं तपासलं, मग बापाच्या गळ्यात पडली. थोरली मागून पाठीवर चढली. तो खोकं उघडायला गेला तर भिंगरी म्हणाली, "ते अजून जायचंय."

"अगं, बाबा आले की," मी म्हटलं.

"मग देवाला कळवायला नको?"

बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी. हातात पाण्याचा तांब्या, पण देत नव्हती. "फोन का उचलत नव्हतात?"

मेव्हण्यानं पिशवीतून खाकी कागदाचं एक पुडकं काढून तिच्या हातात दिलं. तीन घड्यांचा कागद, टोकं आत दुमडलेली, वर टेपची एकच पट्टी. असं पुडकं अख्ख्या कंपनीत एकाच माणसाच्या हातचं असतं. तिनं उघडलं. आत फोन.

"गिऱ्हाइकाच्या घरी ओट्यावर ठेवला होता मी, पेल्यांच्या शेजारी," तो म्हणाला. "तू एका दमात सगळं बांधत होतीस. पहिल्या दिवशी गाडीत मागून सारखी रिंग ऐकू येत होती. तूच करत होतीस, कळत होतं मला. पण टेप मारलेलं सामान गिऱ्हाइकाचं, उघडणार कसं? तुझा नंबर पाठ नाही. गाडीच्या दारावर ऑफिसचा आहे, तिथे रोज निरोप दिला. सांगितलं नाही का कारकुनानं?"

"सांगितलं."

"मग?"

बहिणीनं पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला.

"पोचलो तर त्यांनी आधी पलंग लावले, मग टीव्ही. पेल्यांचं खोकं पहिल्या दिवशी कोण उघडतं? एक दिवस बसून राहिलो त्यांच्या दारात."

मी हसू दाबत होतो, मेव्हणा दाबत होता, थोरली दाबत नव्हती. बहीण लाल झाली. तिनं त्याच्या खांद्यावर एक चापट मारली, दुसरी मारली, तिसरीला तिथेच कपाळ टेकून राहिली. मग डोळे पुसले आणि विचारलं, "कितवं खोकं?"

"सत्तावीस."

"मोठ्या पेल्यांचं?"

"हो."

"एखादा फुटला का?"

"एकही नाही."

"बसा," ती म्हणाली, "चहा टाकते."