गोष्ट मधे आली

आमच्या मराठीच्या बाईंसारखं ऐकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. समोरचा बोलू लागला की त्या हातातलं काम खाली ठेवत, खुर्ची थोडी वळवून घेत आणि मान किंचित तिरपी करून अशा बघत राहत, की आपलं बोलणं इतकं मोलाचं असेल हे बोलणाऱ्याला प्रथमच कळे. हिंगणघाटच्या आमच्या मुलींच्या शाळेत शिपाईणीपासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांनी कधी ना कधी त्यांच्यापुढे मन मोकळं केलं होतं. माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा जे सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही, ते मी बाईंना सांगितलं होतं.

मी गणित शिकवायला त्या शाळेत लागले तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बाईंनी चाळिशी ओलांडली होती. त्या एकट्या राहत. मिलच्या मागच्या गल्लीत त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांचा दिवस मिलच्या भोंग्यावर चाले. पहाटेचा भोंगा झाला की त्या उठून लिहायला बसत, दुसऱ्या भोंग्याला टोपण लावून उठत आणि भाकरी टाकत. त्या भाकरीची गुंडाळी डब्यात घेऊन त्या प्रार्थनेच्या आधी पाच मिनिटं शाळेच्या फाटकात हजर. दरवर्षी दोन-तीन दिवाळी अंकांत त्यांची कथा असे. आमच्या गावाला त्याचं भारी कौतुक. पण शाळेत त्या विषयावर एक अक्षर बोलत नसत. "इथे मी मास्तरीण," त्या म्हणत, "दुसरी घरी आहे, बाहेरून कडी घालून आले."

शिकवण्यात मात्र ती दुसरी डोकावायचीच. निबंधात ‘रम्य’ किंवा ‘प्रेमळ’ दिसलं की लाल रेघ. "आई प्रेमळ आहे हे मला सांगू नको गं. काल तिनं काय केलं ते लिही." मुली गोंधळायच्या, मग लिहायच्या. आईनं काल भाजीत मीठ जास्त घातलं आणि मग स्वतःच ती सगळी भाजी खाल्ली, असं एका मुलीनं लिहिलं होतं. बाईंनी तो निबंध शिक्षकांच्या खोलीत आम्हाला वाचून दाखवला. त्या मुलीचं नाव मंदा.

मंदा नववीत होती. तिचे वडील मिलमध्ये कामाला, रस्त्यात बाई दिसल्या की सायकलवरून उतरून उभे राहायचे. एका दुपारच्या सुटीत मंदा शिक्षकांच्या खोलीत आली. मी पलीकडच्या टेबलावर वह्या तपासत होते. तिची सोयरीक देवळीकडच्या एका गावात ठरली होती, उन्हाळ्यात लग्न होतं आणि तिला मॅट्रिक व्हायचं होतं. रडत नव्हती. एकेक गोष्ट क्रमानं सांगत होती. मुलगा पाहायला आला तेव्हा आजीनं तिची निबंधाची वही पदराखाली कशी लपवली, वडील तिच्याशी बोलताना आता भिंतीकडे कसे बघतात, आपण नदीवर धुणं धुवायला जातो तेव्हा घरी परतावंसंच कसं वाटत नाही. शेवटी म्हणाली, "बाई, तुमी एक बार बाबाले सांगून पाहा न जी."

बाईंनी तिचा हात हातात घेतला. म्हणाल्या, "रविवारी येते मी."

त्या रविवारी त्या गेल्या नाहीत. पुढच्याही नाही. मग परीक्षा आल्या, पेपर आले, आणि उन्हाळ्यात मंदाचं लग्न होऊन गेलं. पत्रिका शाळेत आली होती. बाई लग्नाला गेल्या नाहीत.

दिवाळीत त्यांची कथा आली. त्यांच्या सगळ्या कथांत ती श्रेष्ठ, असं पुण्या-मुंबईच्या लोकांनी कळवलं. शाळेत पेढे वाटले गेले. कथेत एका गिरणीकामगाराची मुलगी होती. तिची आजी वही पदराखाली लपवते, वडील भिंतीकडे बघून बोलतात. लग्नाच्या आदल्या दिवशी ती मुलगी धुणं घेऊन वेणा नदीवर जाते. धुतलेले कपडे दगडावर नीट घड्या घालून ठेवलेले सापडतात. ती सापडत नाही.

वाचून झाल्यावर मी बाईंना एवढंच विचारलं, की तुम्ही मंदाच्या घरी गेला होता का. त्यांनी पेढ्याचं रिकामं खोकं बंद केलं. "जाणार होते," त्या म्हणाल्या. "पण गोष्ट मधे आली."

त्यानंतर काही वर्षांनी आम्हा दोघींना मॅट्रिकच्या परीक्षेवर देवळीच्या केंद्रात पाठवलं. शेवटचा पेपर झाल्यावर आम्ही स्टँडवर हिंगणघाटच्या गाडीची वाट पाहत होतो. एक बाई कडेवर मूल घेऊन आणि एका मुलीचा हात धरून आमच्याकडे आली आणि वाकून पाया पडली. उन्हानं रापलेली, हाताला कापसाच्या बोंडांचे ओरखडे. मी ओळखलं नाही. बाईंनी लगेच ओळखलं. त्यांचा चेहरा असा झाला, की मी त्यांचा दंड धरला.

मंदानं सगळ्यांची खुशाली विचारली. नवरा बरा आहे, सासू तापट आहे, शेती थोडी आहे, असं सांगितलं. मग म्हणाली, "बाई, तुमची गोष्ट वाचली मी. दिरानं आणलतं ते पुस्तक वर्ध्याहून."

बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मले बुडवलं काऊन जी?" मंदानं विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच कळलं नव्हतं, म्हणून विचारत होती. "मी त आहो न."

तिची गाडी लागली होती. मुलीला पुढे ढकलत ती चढता चढता वळली आणि म्हणाली, "तुमी घरी आल्या असत्या त बाबा ऐकले असते. तुमचा शबुद त्यायनं मोडला नसता."

परतीच्या प्रवासात बाई खिडकीशी बसल्या. हिंगणघाट जवळ आलं, गाडी वेणेच्या पुलावर चढली, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. पुढे पुलावरून जाताना नेहमीच त्या डोळे मिटत. लोकांना वाटायचं, बाई नदीला हात न जोडता नमस्कार करतात.

लिहिणं सोडल्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. फक्त त्या दिवाळीत त्यांची कथा कुठे आली नाही, पुढच्याही नाही. संपादकांची पत्रं येत, त्यांना ‘सध्या शाळेचं काम फार आहे’ असं सभ्य उत्तर जाई. आणि काम खरंच वाढलं होतं, कारण त्यांनी ते वाढवून घेतलं होतं. कुठलीही मुलगी लागोपाठ गैरहजर दिसली की शाळा सुटल्यावर बाई तिच्या घरी. कधी पायी, कधी खेड्याच्या गाडीनं. एकदा त्यांनी मलाही सोबत नेलं. मुलीच्या वडलांनी अदबीनं बसवलं, चहा मागवला. बाई कपाला हात लावेनात. वडील म्हणाले, "घ्या न बाई, थंडा होऊन राह्यला." बाई म्हणाल्या, "पोरगी सोमवारी शाळेत आली की मंगळवारी येऊन घेते." त्या माणसाला हसावं की रागवावं कळेना. मंगळवारी बाईंनी तिथे जाऊन खरंच चहा घेतला. अशा किती मुली त्यांच्यामुळे मॅट्रिक झाल्या, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. बाईंनी तर नाहीच.

कौतुक केलं की मात्र त्या त्रासून जात. एकदा मी म्हटलं, की तुम्ही मंदाचं केव्हाच फेडलंत. त्यांनी फळा पुसायचं थांबवलं. "तुला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "ती माझ्यासमोर बसून सांगत होती ना, तेव्हा मला तिची दया आली नव्हती. पदराखालच्या वहीचं ऐकलं आणि मला आनंद झाला. कोणी रडत असलं की माझ्या डोक्यात आधी वाक्य येतं, माणूस मागून येतो." मग हळू आवाजात म्हणाल्या, "आता जिवंत मंदा आठवायला बसले तरी दिसत नाही. ती नदीतलीच दिसते. इतकं चांगलं लिहिलं मी ते."

एका सहलीच्या दिवशी मी पहाटेच त्यांना घ्यायला गेले. भोंगा नुकताच झाला होता. दार उघडं होतं. बाई टेबलाशी बसल्या होत्या, अंगावर शाल, दोन्ही हात मांडीवर. टेबलावर कागद नव्हता, पेन नव्हतं. मी विचारलं, काय करताय? त्या ओशाळून हसल्या. "गोष्टी सवयीनं येतात गं. यायचं त्यांना थांबवता येत नाही. बसते त्यांच्यापुढे. मग म्हणते, जा आता, मला शाळा आहे."

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्या निवृत्त झाल्या आणि वर्ध्याला भाचीकडे राहायला गेल्या. मी सुटीत भेटायला जाई. शेवटच्या खेपेला त्या खूप वाळल्या होत्या, अंगणातल्या बाजेवर उशीला टेकून बसल्या होत्या. शाळेच्या गोष्टी निघाल्या, आणि मी सांगितलं, की मंदाची मुलगी यंदा आपल्या शाळेत आली, आठवीत आहे, आजोबांकडे राहून शिकते.

बाईंनी खुर्ची वळवून घ्यावी तसं अंग माझ्याकडे वळवलं. मान तिरपी झाली. मला बरं वाटलं. मी सांगू लागले, की पोरगी आईसारखीच आहे, परवा वर्गात तिनं—

त्यांनी हात वर केला.

"नको," त्या म्हणाल्या. "तिचं काही सांगू नको मला."

भाचीनं चहा आणला, तो आम्ही घेतला. उन्हाळ्याचं, वर्ध्यातल्या पाण्याच्या टंचाईचं, माझ्या गुडघ्याचं बोललो. निघताना मी पाया पडले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"शाळेत रोज येते ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, येते.

त्यांनी मनगट सोडलं आणि डोळे मिटून घेतले.