टिंबाची मंजुरी

दत्ताराम वकिलांच्या तोंडात पानाचा तोबरा नसता, तर तुळसाच्या जिवाला तो घोर लागला नसता, असे मला आजही वाटते. मी महाडला त्यांचाच कारकून, म्हणून एवढे बोलतो.

तुळसा पोलादपूरच्या वरच्या वाडीतली. तिच्या नवऱ्याला, चांगूला, एका फौजदाराने चोरीच्या संशयावरून चौकीत नेले आणि उजवा हात मोडून परत पाठवले. चोर दुसराच निघाला. चांगू आधी दवाखान्यात, मग सव गावच्या गरम झऱ्यावर हात शेकत राहिला आणि तेवढ्यात फिर्यादीची मुदत टळली. वकील म्हणाले, "मुदत गेली, आता पोलिसावर खटला भरायचा तर आधी सरकारची मंजुरी मिळायला हवी. साहेब वाडीत येऊन विचारतील."

पानात अनुस्वार गिळला गेला. तुळसाने ऐकले, मजुरी. तिला वाटले, मोडक्या हाताची मजुरी देऊन सरकार आपले तोंड बंद करणार.

चौकशीला आला तो पोलीस खात्यातलाच साहेब. कुंपणाने शेत खाल्ले, तर चौकशीही कुंपणाकडेच. त्याने विचारले, "बाई, मंजुरी हवी का?"

"तुमची मजुरी आमाला नको," तुळसा म्हणाली.

आंधळा मागतो एक डोळा. साहेबाने 'मंजुरी नको' असे लिहून घेतले आणि तो गेला.

हे ती आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगायला आली. वकिलांनी पान थुंकले. मी पाटीवर दोन्ही शब्द काढून दाखवले, एकावर टिंब, एकावर नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"म्हंजी त्या फौजदाराला मीच सोडवला?"

वकिलांनी प्रांतसाहेबांकडे अर्ज केला, की निर्णय होण्याआधी बाईचे म्हणणे तुम्ही स्वतः ऐका. बोलावणे आले. त्या दिवशी ती कचेरीच्या ओट्यावर "मं, मं" घोकत होती आणि तिच्याहून मीच जास्त घाबरलो होतो. पुन्हा जीभ घसरली तर सगळेच संपणार होते.

"मंजुरी हवी की नको?" प्रांतांनी विचारले.

तिने तोंड उघडले. शब्द फुटेना. तिने शेजारी उभ्या चांगूची बाही वर सारली.

"सायब, तो शबूद माज्या तोंडात बसत नाय. ह्यांचा हात ज्यानं मोडला, त्याला कोर्टात उभा करा. माजं म्हननं येवडंच हाय."

प्रांतांनी तिचेच शब्द लिहायला लावले आणि तिला वाचून दाखवले. वर काय ठरेल, याची मात्र त्यांनाही खात्री नव्हती. पुढे दर बाजाराला ती आमच्या दारात यायची, काही न विचारता उभी राहायची आणि जायची. मला तिच्याकडे बघवत नसे.

शेवटी मंजुरी आली. मी वाडीवर जाऊन सांगितले.

"टिंबाची ना, भाऊ?"

"टिंबाची."

चांगू अंगणात डाव्या हातात कोयता धरून बघत होता. दोनदा तो निसटला. तुळसाने तो उचलून आपल्या कमरेला खोचला.

"टिंबाची आली हाय," ती त्याला म्हणाली. "बिनटिंबाची आता मी करीन."