गुहेचं दार
शिलाई मशीनला तेल घालताना, पप्पांच्या कामाच्या कपड्यांना यायचा तसल्या त्या वासाने ती रविवारची दुपार आठवते. नागापूरच्या कारखान्यातून रिटायर झालेले पप्पा कॉटवर बसून माझा मोबाइलवरचा राक्षसांचा गेम बघत होते. अचानक गेममधल्या गुहेचं दगडी दार धाडकन खाली आदळलं. मी दचकले, पण पप्पांनी अर्धं बोट नसलेला उजवा हात झटकन छातीशी ओढला. ते राक्षसाला घाबरले असं समजून मी खो खो हसले आणि मुद्दाम ते दार पुन्हा दोनदा पाडलं. दोन्ही वेळा त्यांचा हात तसाच मागे गेला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, “बंद कर आधी! प्रेस मशीनमध्ये त्यांचं बोट गेलं, तेव्हा असाच आवाज झालता.” पप्पा म्हणाले, “ऱ्हाऊ दे गं, पोरगी हसतीय.” आता मी आवाज बंद करूनच खेळते. तरी ते दार आलं की मला माझं हसणं ऐकू येतं.