सुमनआत्याचे हाल

सुमनआत्या दर मे महिन्यात अंदमानहून सुट्टीवर यायची आणि मी तिला नाशिकरोड स्टेशनवर आणायला जायची. रिक्षात बसली की तिची बडबड सुरू. कानांत शिंपल्यांचे डूल, कपाळावर मोठी टिकली, रंग रापलेला पण चेहरा तकतकीत. पंचवटी मागे टाकून रिक्षा मखमलाबादच्या रस्त्याला लागली की मात्र ती गप्प व्हायची. पिशवी मांडीवर घ्यायची, डूल काढून रुमालात बांधायची, मोठ्या टिकलीच्या जागी बारीकशी लावायची, केस तेलानं चापून बसवायची. मग माझ्याकडे वळून विचारायची, "काय गं, दमलेली दिसते ना मी?"

बोटीचा आणि रेल्वेचा एवढा प्रवास करून आलेलं माणूस दमलेलं दिसायलाच हवं. आत्या तशी दिसत नसे, हीच तिची अडचण होती. मला आधी ती थट्टाच वाटली. कॉलेजात होते, मलाही असल्या नाटकांची हौस होती. "अजून थोडी दमायला हवीस," असं मी म्हणायची आणि ती खांदे पाडून दाखवायची.

दादा म्हणजे माझे वडील, आत्याचे थोरले भाऊ. आमची फुलशेती. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. आजोबा लवकर गेले, तेव्हा दादानं शाळा सोडली आणि बहिणीला शिकवलं. ती केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या कामाला लागली. तिचं लग्न ठरलं होतं, पण मुलाकडच्यांनी ऐन वेळी नकार कळवला. त्यात दादाचा काडीचा दोष नव्हता, पण स्थळ त्यानं पाहिलं होतं. पुन्हा लग्नाचं नाव आत्यानं काढू दिलं नाही. पुढे एक्क्याण्णवच्या सुमारास तिची बदली अंदमानला झाली, तेव्हा दादा दोन दिवस जेवला नाही. त्याच्या लेखी अंदमान म्हणजे काळं पाणी. तिथं माणूस जातं ते शिक्षा भोगायलाच.

आत्या आली की संध्याकाळी ओट्यावर बाजाराच्या फुलांचे ढीग पडलेले असत. भोवती आई, शेजारपाजारच्या बायका, आणि मधे दादा. तो सुरुवात करायचा, "सुमे, लय हाल व्हत असतील ना गं तुझे?"

"चालायचंच, दादा," आत्या म्हणायची. हे तिचं ठरलेलं वाक्य. मग हळूहळू एकेक काढायची. पालेभाजी डोळ्याला दिसत नाही. नळाला पाणी दिवसाआड. पाच वाजले की काळोख. घरात वीतभर लांबीच्या गोमा निघतात. बायका "अगं बाई गं" म्हणत चुकचुकायच्या, दादा उपरण्यानं डोळे पुसायचा. निघताना तिच्याबरोबर कुरडया, पापड, गोडा मसाला, वाळवलेली मेथी असं सगळं बांधून दिलं जाई. सगळ्या गल्लीला तिची कीव करायला फार आवडायचं. आम्हाला तर तो दरसालचा सणच झाला होता, आणि हे लिहिताना मला त्याची लाज वाटते.

मला अंबडच्या एका कारखान्यात ऑफिसात नोकरी लागली आणि अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत रजा काढून मी आत्याकडे निघाले. कळवलं नाही, तिला आनंदाचा धक्का द्यायचा होता. दादानं तिच्यासाठी माझ्याकडे कोथिंबिरीच्या जुड्या दिल्या. चेन्नईच्या बोटीत त्यांचा पार चिखल झाला. पत्त्यावर पोचले तेव्हा ऊन तिरपं झालेलं. मी सरकारी क्वार्टर शोधत होते, आणि समोर होतं नारळाच्या बागेत पिवळ्या रंगाचं लाकडी घर, वर पत्रा, पुढे रुंद व्हरांडा. तिथं माझी आत्या मांडी घालून बसली होती, केस ओले, मोकळे, आणि शेजारणीशी कॅरम खेळता खेळता इतक्या मोठ्यानं हसत होती की मी फाटकातच थांबले. असं हसताना मी तिला मखमलाबादेत कधी पाहिलं नव्हतं.

मला बघताच तिचं हसू जागच्या जागी विरलं. हात आपोआप कानांकडे गेले, डूल काढायला. "तू... तू कशी?" एवढंच म्हणाली. गाल लाल झाले होते. चोरी करताना सापडलेल्या माणसाला पाहून आपल्यालाच ओशाळं होतं, तसं मला झालं. माझ्या हातात ती कुजकी कोथिंबीर.

शेजारीण होती सेल्वीअक्का. तिनं तोडक्या हिंदीत सांगितलं, "आपका बुआ का घर है. खुद का. दो साल हुआ." आत्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

ते घर एका बंगाली बाईंचं. त्या मुलाकडे कलकत्त्याला गेल्या, आणि आत्यानं सगळ्या सरकारी परवानग्या काढून ते घेतलं. "जन्मभर लोकांची क्वार्टरं काढली गं," ती रात्रीच्या जेवणाला म्हणाली. "दोन खोल्या, एक मोरी, दोन खोल्या, एक मोरी. कुणाच्याही नकाशात व्हरांडा काढू देत नसत. म्हणायचे, सरकारी खर्चात बसत नाही. म्हणून हा पहिल्यांदा रुंद करून घेतला."

आठवडाभर राहिले. तिनं ओट्यावर सांगितलेल्यातलं काहीही खोटं नव्हतं, फक्त प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू तिनं गिळलेली होती. पाचला काळोख पडायचा, पण म्हणूनच ती आठला झोपायची आणि पहाटे तांबडं फुटताना पंजाबी ड्रेस घालून समुद्रात उतरायची. गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहून नोकरीतल्या साहेबांच्या नकला करायची. नळाला पाणी दिवसाआड यायचं, पण विहिरीला भरपूर होतं. गोमा निघायच्या, त्यांना ती चिमट्यानं धरून बाहेर सोडायची, वर दटावायची, "पुन्हा दिसलीस तर बघ." पालेभाजी खरंच नव्हती. त्याऐवजी सेल्वीअक्का मासळीचं कालवण आणायची. "दादाला सांगू नकोस हं, माळकरी आहे तो," म्हणत आत्या काटा न काटा चोखून खायची. दुपारी ऑफिसातून सायकलवर घरी येऊन शहाळं फोडायची आणि व्हरांड्यात आडवी व्हायची. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की म्हणायची, "ऐक, आता जगातलं कुठलंही काम करायचं नाही."

शेवटच्या दिवशी मी विचारलंच. "मग दरवर्षी ते रडगाणं कशाला गं?"

ती नारळ खवत होती. "दादा कसं विचारतो आठवतं ना? 'कशी आहेस' असं नाही विचारत. 'लय हाल व्हत असतील ना' असं विचारतो. नाही म्हटलं तर त्याचं तोंड पडेल." मग खवणी बाजूला सारून म्हणाली, "आणि लग्न न झालेल्या बाईनं मजेत असायचं, हे शोभतं का? नवऱ्याशिवाय, पोराबाळांशिवाय हिला एवढं हसू येतं कसं, म्हणतील. इथं मला कोणी बिचारी म्हणत नाही, म्हणून मी इथं बिचारी नाही. तिकडे आले की होते."

मी घरी येऊन दादाला एवढंच सांगितलं की आत्या बरी आहे. त्याला तेवढ्यानं समाधान होणार नव्हतं. "तू चार दिस पाव्हणी गेलीस, तुला काय कळणार तिचे हाल," तो म्हणाला.

आणि मग दोन हजारच्या दिवाळीनंतर त्यानं खोली बांधायला काढली. घरावर, गच्चीच्या अर्ध्या भागात, आत्यासाठी. बहिणीनं लवकर निवृत्ती घ्यावी आणि आपल्या माणसांत येऊन राहावं, एवढी एकच इच्छा त्याला उरली होती. विटा स्वतः निवडल्या. आतमध्येच न्हाणीघर केलं, पाण्याची वेगळी टाकी बसवली. भिंतींना निळा रंग दिला. "इतकी वर्षं समिंदर पाह्यलाय तिनं, एकदम कसं करमंल," असं तो रंगाऱ्याला सांगत होता, ते ऐकून मी जिना उतरून खाली गेले.

दोन हजार एकच्या मे महिन्यात आत्या आली. त्या वर्षी रिक्षात तिनं मला दमलेली दिसते का, हे विचारलं नाही. मी पत्रानं तिला खोलीचं कळवलं होतं. खोलीची पूजा झाली, जेवणं झाली, पाव्हणे गेले. दादानं तिला वर नेलं आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. ती रडायला लागली. दादाला वाटलं आनंदानं रडतेय, त्याचेही डोळे भरले. "आता सपले तुझे हाल, सुमे."

ती खाली फरशीवर बसली. आमच्या घरात मोठी चूक कबूल करायची तर असंच बसतात. "दादा, चूक झाली माझी," ती म्हणाली. "मी तिथं सुखात हाय."

दादाला उमगेना. तिनं घराचं सांगितलं. व्हरांड्याचं सांगितलं. समुद्राचं सांगितलं. मासळीचं मात्र तेव्हाही सांगितलं नाही.

"आन् ते हाल?" दादानं विचारलं.

"ते बी हायेत. मला चालतात."

"मंग येवढी वर्सं आमाला रडवलं कशापायी?"

"तू रडायला बसायचास ना, दादा. मी एकटी हसत कशी बसू?"

दादानं चप्पल घातली आणि शेवंतीच्या वाफ्यांकडे गेला. आत्या ठरल्यापेक्षा लवकर परतली. किल्ली तिनं आईजवळ दिली. गल्लीत दादानं सांगितलं, की सरकार तिला नोकरी सोडू देत नाही, तिच्याशिवाय तिथलं अडतं. बहीण आपण बांधलेल्या खोलीत राहायला नको म्हणाली, हे सांगायची त्याला लाज वाटत होती. तिचं सुख लपवायचं काम आता त्याच्याकडे आलं. निळ्या खोलीत फुलांच्या रिकाम्या करंड्या ठेवू लागले. पुढच्या मे महिन्यात आत्या आली नाही. फोनवर दादा "बरी हाय ना?" एवढंच विचारायचा आणि लगेच आईच्या हातात फोन द्यायचा.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात सेल्वीअक्काचा फोन आला. दुपारी व्हरांड्यात आडवी झालेली आत्या उठलीच नव्हती. अक्का रडत होती आणि मधेच सांगत होती, "सुबह समुंदर में नहाया, खाना खाया, बहुत हँसा."

दादा आणि मी विमानानं गेलो. विधी उरकल्यावर तो त्या व्हरांड्यात बसून राहिला. कॅरमवर सोंगट्या तशाच पडलेल्या होत्या. संध्याकाळी सेल्वीअक्कानं आम्हाला जेवण आणून दिलं, दादाच्या गळ्यातली माळ पाहून नुसता भात आणि सांबार. "इथं लय बरा वारा हाय," दादा म्हणाला.

मखमलाबादला बसायला येणाऱ्यांची रीघ लागली. ओटा तोच, बायका त्याच. भाऊबंदातली एक काकू पदर तोंडाला लावून म्हणाली, "बिचारी गं. परक्या मुलखात, येकली. हाल हाल हून गेली." सगळ्या चुकचुकल्या आणि दादाकडे बघू लागल्या. इतकी वर्षं हळहळायची त्याची पाळी इथंच येत असे.

"हाल कशाचे?" दादा म्हणाला. "राणीवानी ऱ्हायली. सोताचं घर व्हतं, दारात समिंदर व्हता. लय सुखात गेली माझी बहीण."

कुणी चारचौघांत भलतंच काही बोलून गेल्यासारखी माणसं खाली बघायला लागली. काकू आईच्या कानाशी लागली, पण आवाज तिला बारीक करता येत नाही. "धक्का बसलाय त्यांना. जरा ध्यान ठेव."

दादानं ते ऐकलं. तो उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत बसला.

मग विषय बदलायला काकू माझ्याकडे वळली. त्या वर्षी मी गंगापूर रोडला माझा स्वतःचा फ्लॅट घेतला होता. लग्न केलेलं नव्हतं. गॅलरीत कुंड्या होत्या, सकाळचा चहा मी तिथं पाय पसरून प्यायची आणि कुणी ऐकत नाही असं बघून गाणी म्हणायची. काकूनं विचारलं, "तुझं कसं चाललंय गं पोरी? येकटीचे हाल व्हत असतील ना?"

"चालायचंच, काकू," मी म्हणाले.

दादानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला त्याच्याकडे बघता येईना.