बिराजदारांचा पहिला नंबर

मुख्य कार्यालयातल्या मेनफ्रेमशी, म्हणजे बँकेच्या मोठ्या संगणकाशी, जोडणी करायची म्हटलं, की बिराजदार आधी चपला काढत. मगच कीबोर्डला हात. "सगळ्या शाखांची खाती एकटे सांभाळत्यात ते. त्यांच्यापुढं चपला घालून बसावं व्हय?" यंत्राचा एकेरी उल्लेख त्यांच्या तोंडून कधी आला नाही. मला लाज वाटायची, ग्राहक बघत असायचे.

बिराजदार मूळचे अणदूरचे, नोकरी आमच्या कळंबच्या शाखेत आणि घर शाखेजवळच. बाकीच्यांनी हात वर केले म्हणून संगणकाचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. दुपारी एकला मात्र ते घरी जायचेच. अंथरुणाला खिळलेली आई, म्हणजे त्यांची अव्वा, दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नसे. त्यामुळं शाखा बंद करून सगळ्यांना धाराशिवला हलवणार असं कळलं, तेव्हा हा माणूस पार हबकला. नवी जोडणी तपासायला येणाऱ्या साहेबलोकांसमोर नीट चालली, तरच शाखा राहणार होती.

नव्या पद्धतीत शाखेतले सगळे संगणक एका जाळ्यात आणायचे आणि एका पेटीतून मेनफ्रेमला जोडायचे होते. प्रत्येक संगणकाला एक नंबर. बिराजदारांनी नंबर वाटले ते मानाप्रमाणं. पहिला शाखाधिकारी शिंदे मॅडमना, मग वयानं मोठे कॅशियर, असं करत शेवटचा मला. मी कुरकुरलो, तर म्हणाले, "तुमचं लग्न कुठं झालंय अजून?"

तपासणीच्या दिवशी मॅडमनी संगणक सुरू केला आणि सगळ्यांची जोडणी गेली. बंद केला की यायची, सुरू केला की जायची. साहेबांच्या गाडीनं वाटेतली येडशी सोडली होती. बिराजदारांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. पेटी बसवणाऱ्यानं तिलाही पहिलाच नंबर देऊन ठेवला होता, आणि एका नंबरावर दोघं आले की जाळं बंद.

"पेटीला कसला आलाय मान, म्हणून म्या इचारलंच न्हाय," ते म्हणाले.

"मग माझा नंबर बदला, काका," मॅडम म्हणाल्या.

"पानावर बसलेल्या माणसाला उठवत न्हाईत, मॅडम. म्या पेटीचाच बदलतो."

पेटीचा नंबर प्रत्येक संगणकात घातलेला, म्हणजे सगळ्यांचेच संगणक पुन्हा लावायचे! मी कपाळाला हात लावला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "एक वाजत आलाय. अव्वा उपाशी असतील. मला शेवटी बसवा."

बिराजदारांनी मॅडमना माझ्याही मागचा नंबर दिला, दोन्ही हात जोडले आणि चपला पायात सरकवून घर गाठलं. साहेब आले तेव्हा सगळे संगणक चालू होते आणि ते चालू करणारा माणूस घरी आईला भरवत होता. शाखा राहिली.

पुढं अव्वा गेल्या. कामावर आल्या आल्या बिराजदारांनी धाराशिवला बदली मागितली. मी चिडलोच. "शाखेसाठी एवढा जीव टाकलात आणि आता तुम्हीच निघालात?"

"एक वाजला की पाय आपसूक घराकडं वळत्यात हो," ते म्हणाले. "तिथं जाऊन आता कुणाला भरवू?"