हेल्मेटवाला पॅसेंजर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. महाडला माझं पेंटिंगचं दुकान आहे... बोर्ड, नंबरप्लेटा, लग्नाच्या कमानी. दिवसभर थिनरचा वास घेणाऱ्याचं कुणी खरं धरू नये, असं बायको म्हणते. पण हे भर दुपारी घडलं, गावकऱ्यांच्या देखत.

विन्हेऱ्याजवळच्या एका वाडीने समाजमंदिराच्या भिंतीवर त्यांच्या रेल्वेची गोष्ट रंगवायला मला बोलावलं होतं. डोंगर, बोगदा फोडणारे गावकरी आणि शेवटी झेंडूच्या माळा घातलेली पहिली गाडी. खिडक्यांतले चेहरे मी मनानेच काढत होतो. एका खिडकीत मात्र हात आपसूक चालला – हेल्मेट घातलेला माणूस, डावी भुवई मधोमध तुटलेली. पिवळा रंग उरला होता, म्हणून हेल्मेटच्या पट्ट्यात सोनचाफा खोवला.

सरपंच हसले. "हेल्मेट घालून गाडीत कोण बसतो, पेंटर? त्याच्या जागी टोपी रंगवा."

मी पांढरा रंग कालवत होतो, तेवढ्यात वरच्या आळीतली एक मावशी लेकीसोबत दळण घेऊन जाताना थांबली. डबा खाली ठेवून भिंतीजवळ आली.

"गो वनिता, बघ. तुझा बापूस."

लेक पुढे झाली. बाप गेला तेव्हा ती पाळण्यात होती. तो बोगद्यावर कामाला होता आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच काविळीने गेला. घरात त्याचा एकही फोटो नाही.

"भुवई कशानं तुटली?" मी विचारलं.

"कोयती लागलेली. आन् चाफा रोज खोवायचे. बोगद्यात वास बरा येतो म्हनायचे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू वळखायचास त्यांना?"

"नाही मावशी. मी तेव्हा महाडला शाळेत होतो. या बाजूला कधी आलोच नव्हतो."

लेकीने मोबाईलवर त्या चेहऱ्याचा फोटो घेतला. मग आणखी जवळ जाऊन परत घेतला. टोपीचा विषय सरपंचांनी पुन्हा काढला नाही.

मावशी पदर सावरून भिंतीशी बोलली, "बसलात एकदाचे गाडीत." मग मला म्हणाली, "माझी पन जागा कर रे शेजारी."

"खिडकीशी बसवू?"

"नको. खिडकी त्यांनाच राहू दे. मी काय, भावाकडे दिव्याला याच गाडीनं सारखी जाते."

तो चेहरा माझ्या हातात कुठून आला, ते मला अजून कळलेलं नाही. बायको म्हणते, कुठेतरी पाहिला असशील... कुठे, ते तिलाही सांगता येत नाही. मावशीचा चेहरा मात्र मी तिला समोर बसवून, बघून बघून काढला – आणि तो काही तिला पसंत नाही.